दुसऱ्याची सूत्रं

“कॅल्क्युलेटर बेंचवर ठेवा. हात खाली.”

कुमुदिनी मॅडम पहिल्या बेंचपासून तपासत निघाल्या. मैत्रेयी तिसऱ्या बेंचवर होती. अंबरनाथच्या या इंटरनॅशनल शाळेत गणिताच्या सहामाहीआधी कॅल्क्युलेटरची झडती होते, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. अकरावीला ती इथे नवीन होती. मॅडम एकेकाचा ग्राफिंग कॅल्क्युलेटर उचलत, चार बटणं दाबून आत काही साठवलंय का ते बघत आणि पुढे सरकत.

मैत्रेयीच्या कॅल्क्युलेटरमध्ये तीन फाइली होत्या. तिन्हीत सूत्रं. तिनं भरलेली नव्हती.

शाळेच्या पत्रात ठरावीक मॉडेल लिहिलं होतं. पप्पांनी ते पत्र खिशात घालून अख्खं उल्हासनगर पालथं घातलं, तेव्हा कुठे एका दुकानात हा कुणीतरी वापरून विकलेला पीस मिळाला. फाइली तेव्हापासूनच आत. पुसायचं म्हटलं तर सगळी मेमरी रिसेट करायची, एवढंच तिला ठाऊक होतं. पण दुकानदारानं बजावलं होतं, “बेटा, रिसेट-बिसेट को हाथ मत लगाना. पुराना माल है, बैठ गया तो बैठ गया.” ते शब्द तिच्या डोक्यात घर करून बसले होते. मांजर्लीच्या त्यांच्या घरात पावसाळ्यात पाणी घुसतं म्हणून पप्पांनी कॅल्क्युलेटरसाठी पोटमाळ्यावर स्टीलचा डबा ठेवला होता. तो उघडायच्या आधी ते हात धुवून, पुसून यायचे. रिसेट करायची तिची छाती झाली नाही.

आणि आता मॅडम दुसऱ्या बेंचवर होत्या. फीमाफीच्या कागदावर पप्पांनी सही केली तेव्हा त्यातली एक ओळ तिनंच त्यांना वाचून दाखवली होती: परीक्षेत गैरप्रकार आढळल्यास सवलत रद्द.

मॅडमनी तिचा कॅल्क्युलेटर उचलला. चार बटणं दाबली. पुढे सरकल्या नाहीत.

“व्हॉट इज धिस?”

मागून सुजित कुजबुजला, “चिट मिली क्या?” दोघं-तिघं फिसकन हसले.

मॅडमनी बाकीच्यांना कॅल्क्युलेटरला हात न लावता पेपर सुरू करायला सांगितलं आणि तिला खिडकीपाशी नेलं.

“खरं सांग, मैत्रेयी. तू भरलंयस हे?”

मॅडम वर्गात मराठी कधी बोलत नसत. डॉक्टर वाईट बातमी सांगताना जसा आवाज खाली आणतात, तसं ते तिला वाटलं.

“नाही मॅडम. सेकंडहँड घेतलाय. आधी ज्याचा होता त्याचं आहे.”

“तीन महिने तुझ्याकडे आहे. तुला दिसलं नाही?”

नाही दिसलं, एवढं म्हटलं की सुटका होती. शब्द ओठांपर्यंत आले.

“दिसलं. वाचलं पण.”

“मग काढून का नाही टाकलंस?”

“बंद पडेल म्हणून. भीती वाटली.”

मॅडमना हे पटलं की नाही, त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

“आणि वापरलंस का कधी? युनिट टेस्टला?”

“नाही मॅडम. ते चुकीचं आहे.”

“काय चुकीचं आहे?”

“कोसाइन रूल. दुसरी फाइल. शेवटी वजा पाहिजे, तिथे अधिक टाकलंय. मग बाकीच्यावर कसा भरवसा ठेवायचा?”

मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला आणि स्क्रीन डोळ्यांजवळ धरली. मैत्रेयीनं मनात सूत्र पुन्हा म्हणून पाहिलं. आपल्यालाच नीट आठवत नसेल तर? अधिकच बरोबर असेल तर?

“हं,” मॅडम म्हणाल्या. “मी बघितलं तेव्हा माझ्या लक्षात नाही आलं.”

त्या हसल्या नाहीत. कॅल्क्युलेटर तिच्या हातात देत म्हणाल्या, “पूस. आत्ता, माझ्यासमोर.”

“बंद पडला तर, मॅडम?”

“तर आजच्यापुरता माझा देईन. पण हे आत ठेवून तुला पेपरला बसता येणार नाही.”

मॅडमनी सांगितली ती बटणं ती दाबत गेली. स्क्रीनवर प्रश्न आला: सगळी मेमरी पुसायची? एक, नाही. दोन, होय. तिनं डोळे मिटले आणि दोन दाबलं.

उघडले तेव्हा स्क्रीन विझलेली होती.

वर्गात पानं उलटल्याचा आवाज येत होता. पप्पांना काय सांगायचं, त्याचं पहिलं वाक्य मैत्रेयी मनात जुळवू लागली. पप्पा, ऐका ना. त्याच्यापुढे काही सुचेना.

मग स्क्रीन उजळली. आत काहीच नव्हतं. मॅडमनी फाइलींची यादी उघडून पाहिली, तीही रिकामी.

“जा, बस. तुझी दहा मिनिटं गेलीत, ती शेवटी देईन,” त्या म्हणाल्या आणि चौथ्या बेंचकडे वळल्या.

पहिल्याच प्रश्नात आलेख काढायचा होता. एका बटणासरशी तो दाखवणारा कॅल्क्युलेटर समोर चालू होता. मैत्रेयीनं पट्टी घेतली, पेन्सिल घेतली आणि कागदावर एक आडवी रेघ ओढली, मग एक उभी. उभी वाकडी गेली. तिनं ती खोडली आणि पुन्हा ओढली.