बाटलीवरचं नाव

छापखानेवाला कानावरची पेन्सिल हातात घेऊन तयारच बसला होता. एक वाजेपर्यंत त्याचं मशीन मोकळं, नंतर दुसऱ्याचं काम चढणार. टेबलावर निळ्या पाण्याची बाटली होती, चारी बाजूंनी कोरी.

"यात एवढा विचार कसला?" बाबा म्हणाले. "आपल्या घरात ठरलेलंच आहे. फिनेल थोरल्याच्या नावाचं, भांड्यांची पावडर मधल्याच्या. आता नातवाची पाळी."

थोरल्याला चहाचा ठसका लागला. "माझ्या पोराचं नाव संडासाच्या बाटलीवर? शाळेत त्याचा जीव नकोसा करतील, बाबा!"

"फिनेलवर तुझं चाललं की."

"फिनेलने लादी पुसतात. लादी वेगळी, हे वेगळं."

मधल्याने घाईघाईने 'चकाचक' सुचवलं.

"चकाचक मी चौघांना छापून दिलंय," छापखानेवाला म्हणाला. "तिघांनी धंदा गुंडाळला. चौथा माझा फोन उचलत नाही. काका, स्पष्ट सांगू? ही वस्तू दुकानात तोंडाने मागावी लागते. चार माणसांत 'संडास धुवायचं द्या' म्हणायला लोकांची जीभ वळत नाही. नाव असं पाहिजे, की शेजारीण घरात आहे का विचारावं तितक्या सहज मागता यावं."

"म्हणजे माणसाचंच नाव हवं," बाबा म्हणाले, आणि त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. सगळ्यांनी आपापल्या कपात पाहिलं. एरवी डब्यांवर मिरवणारे दोघे वीर तर कपात बुडी मारायचेच बाकी होते.

दाराशी बारकी उभी होती. बारकी म्हणजे या घरातलं शेंडेफळ, वय वर्षं एकोणतीस. बाटलीतलं निळं पाणी तिचं. सात महिने मागच्या खोलीत नाकाला फडकं बांधून, बोटांची सालपटं निघेपर्यंत खपून तिने ते जमवलं होतं. ती खोकायला लागली की घरचे तिला दार लावून घ्यायला सांगायचे. नावाचं मात्र तिला कुणीच विचारलं नव्हतं.

"माझं टाका," ती म्हणाली.

"अगं बाई!" आई म्हणाली. "लोक हसतील गं. पोरीचं नाव आणि तसल्या जागी?"

"ती जागा रोज घासतं कोण, आई? तू आणि मीच ना? तेव्हा कुणाला हसू आलं नाही."

आईने पदराने टेबलावरचा नसलेला डाग पुसला.

"बाबा, हे मी केलंय," बारकी म्हणाली. "यावर दुसऱ्या कुणाचं नाव लागलं तर मला वाईट वाटेल. फार वाईट वाटेल." ती दारातून हलली नाही.

बाबा बाटलीकडे बघत राहिले. मग त्यांनी मान डोलावली.

"झालं तर मग!" थोरल्याच्या जिवात जीव आला. "'बारकी'. लक्षातही राहील. छापा!"

"बारकी नको, दादा. माझं नाव."

ते नाव या घरात हाक मारायला कधी लागलंच नव्हतं. शाळेच्या दाखल्यावर होतं, तेवढंच. बाबांनी कागद पुढे ओढला आणि चष्मा शोधू लागले. चष्मा कपाळावरच होता. एकेक अक्षर करत त्यांनी ते नाव लिहिलं, कागद लांब धरून वाचलं, आणि दुकानात मागावं तसं एकदा मोठ्याने म्हणून बघितलं. मग आणखी एकदा, जरा हळू.

छापखानेवाल्याने नाव उतरवून घेतलं.

"किती छान नाव आहे गं," बाबा म्हणाले. "कुणी ठेवलं होतं?"

"तुम्हीच, बाबा."