बोरीखालची माती

“मोठी आई, ओळख बघू. हे कोणतं गवत?”

अंगणात दोन घमेली शेजारी शेजारी ठेवली होती. बेबाबाई खाली वाकली. एका घमेल्यातली माती घट्ट बसून तडकली होती. दुसरं हिरवंगार झालं होतं. तिने एक काडी हातात धरली, पेरावरची पांढरी लव बोटाने चाचपली.

“मारवेल!” ती म्हणाली आणि तशीच उकिडवी बसून राहिली. गावच्या गायरानात मारवेल दिसून किती वर्षं झाली होती.

मोहिनी तिच्या धाकट्या दिराची मुलगी. धुळ्याला शेतीच्या कॉलेजात शिकत होती. घमेली तिचीच. एकात गायरानातल्या उघड्या जमिनीची माती, दुसऱ्यात तिथल्याच बोरीच्या झुडपाखालची. दोन्हींना सारखंच पाणी घालायचं काम तिने बेबाबाईवर सोपवलं होतं.

“बी अजून आहे,” मोहिनी म्हणाली. “पण ते झुडपांच्या बुडाशी. तिथे पालापाचोळा पडतो, माती मऊ राहते, काट्यांमुळे कुणाचं तोंड पोचत नाही. उघड्यावर जमिनीला पापुद्रा धरलाय. बी त्यावर पडतं आणि वाऱ्याबरोबर जातं.”

“मग तो पापुद्रा फोडायचा कसा?”

“खुरांनी. पावसाळ्यात गायरान बंदच ठेवायचं. गवताचं बी झडलं, की थोड्या मेंढ्या थोडेच दिवस फिरवून बघायच्या. बी मातीत तुडवलं जाईल, लेंडीखतही मिळेल.”

मेंढ्या म्हटल्यावर बेबाबाईला ताईबाई आठवली. तशी ती रोजच आठवायची.

ताईबाई साक्रीकडची ठेलारी, मेंढपाळांतली. दरवर्षी दिवाळी झाली, की ती आणि तिचा नवरा जीवराम मेंढ्या घेऊन यायचे आणि बेबाबाईच्या रिकाम्या रानात मेंढ्या रात्री बसवायला वाडा घालायचे. दोघींची लग्नं मागेपुढेच झालेली. बेबाबाईचं पहिलं बाळ गेलं, तेव्हा घरातली माणसं तिच्याशी काय बोलावं हे न सुचून लांब लांब राहायची. ताईबाई मात्र रोज तिला मेंढ्यांमागे गायरानात घेऊन जायची. बोलायची काहीच नाही. दोघी गवतात बसायच्या आणि दिवस कलला की परत यायच्या. बेबाबाई हळूहळू जेवू लागली ती त्या हिवाळ्यात.

मग एका दुष्काळी वर्षी कळपांमागून कळप आले. गायरान मुळापर्यंत खाल्लं गेलं. गावच्या गाई उपाशी हंबरू लागल्या. ग्रामसभेने मेंढ्यांना बंदी घातली. बायकांच्या शेवटच्या रांगेत बेबाबाई मान खाली घालून बसली होती. पुढच्या दिवाळीनंतर ताईबाईचा कळप शिवेवरून परत फिरवला गेला. बेबाबाईला ते संध्याकाळी कळलं.

गवत आपोआप येईल असं सगळ्यांना वाटलं होतं. ते आलं नाही. जमीन मात्र वर्षागणिक टणक होत गेली.

आता सरपंच पंडितभाऊंनी ठरवलं होतं, की जेसीबी लावून बोरी, तरवड, हेकळ अशी सगळी झुडपं उपटायची आणि गायरान साफ करायचं.

ग्रामसभेत बेबाबाई हिरवं घमेलं डोक्यावर घेऊन आली. ते तिने सरपंचांच्या टेबलावर ठेवलं. मोहिनीने समजावून सांगितलं. लोक कुजबुजू लागले. म्हातारे पुढे येऊन पाती हातात धरून बघू लागले.

“झुडपं ठेवू एकवेळ,” पंडितभाऊ म्हणाले. “पण अक्का, मेंढ्या? आपणच हाकललेलं माणूस परत कसं येईल?”

“मी जास,” बेबाबाई म्हणाली. “माले जाऊ द्या.”

बरीच हो-ना झाली. अखेर एकच कळप, तोही दिवाळीनंतर, असं ठरलं.

घटस्थापनेच्या आधी मुलाच्या मोटरसायकलवर मागे बसून ती निघाली. साक्रीच्या पुढे विचारत विचारत गेल्यावर माळावर मेंढ्या दिसल्या. जीवरामच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. ताईबाई दगडांच्या चुलीवर भाकरी थापत होती. तिने वर पाहिलं. उठली नाही.

“कशी शेस?” बेबाबाईने विचारलं.

“शे,” ताईबाई म्हणाली आणि भाकरी उलटली.

वाटेत ठरवलेलं सगळं बेबाबाई विसरून गेली. झुडपं, पापुद्रा, ग्रामसभा, काहीतरी मागेपुढे सांगितलं. शेवटी न्यायला आल्याचं तेवढं सांगितलं, “मी तुले लेवाले उनू.”

तव्यावरची भाकरी करपायला लागली. जीवराम बायकोकडे पाहत राहिला. तिने पदराने तोंड पुसलं आणि हळूच मान हलवली.

“येसूत,” जीवराम म्हणाला. “दिवाळी व्हऊ द्या.”

बेबाबाईचा जीव भांड्यात पडला. रडू आवरायला म्हणून काहीतरी बोलायचं, तसं तिने विचारलं, “रस्ता इसरनात नही ना? इतला वरीस व्हई गयात.”

जीवराम हसला. मग ताईबाईकडे बोट करून म्हणाला, “रस्ता कसा इसरसूत? हाई माले दरसाल तुमना गावनी टेकडीमांगे थांबाले लावस. येकटीच वर चढस, तुमना घरना धूर देखस, आनि मगच मेंढ्या पुढे हाकू देस.”