सुटकेचा मेसेज

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, तेव्हा आत मी एकटाच होतो. देवाचं नाव घेतलं आणि दार ठोठावलं.

बाहेरून सोसायटीचे सेक्रेटरी ओरडले, "आत कोण आहे?"

"अहो मीच, वरच्या मजल्यावरचा काका!"

"काका तर कधीच सुटले. मीच ग्रुपवर टाकलंय."

लोक घाबरू नयेत म्हणून दार उघडण्याआधीच सुटकेचा मेसेज टाकून द्यायची त्यांची जुनी सवय. मला हसूच आलं. "मेसेज सुटला असेल हो, मी अजून आतच आहे!"

"उगाच अफवा पसरवू नका," कुणीतरी दरडावलं. लिफ्टवाल्याला परत पाठवल्याचंही ऐकू आलं.

तेवढ्यात बायकोचा आवाज आला आणि जीव भांड्यात पडला. "अगं, तू तरी सांग यांना!"

"आवाज अगदी यांच्यासारखाच आहे हो," ती कुणाला तरी म्हणाली.

आता दुसरी कोणती खूण पटवणार? आम्ही दोघं रोज पहाटे म्हणतो ते भजन मी सुरू केलं. पहिलं चरण संपलं.

मग बाहेरून, दाराला अगदी लागून कुणीतरी पुढचं चरण उचललं, माझ्याच आवाजात. आणि बायको नेहमीसारखी त्याच्यामागून म्हणू लागली.