पाहुण्यांसाठी लोणी

लोणी काही वर येईना.

सोनमनं रवीची दोरी आणखी जोरात ओढली. डेऱ्यातलं ताक उसळून तिच्या नव्या साडीवर उडालं.

"आण हिकडं," तिची आई राजेश्वरी म्हणाली.

"आज तू हात लावायचा न्हाई. तू तुझं आवर."

"मग गार पानी तरी घाल."

सोनमनं माठातलं तांब्याभर पाणी ओतलं. चार हिसके दिले, तसा रवीचा आवाज जड झाला. पांढरेशुभ्र कण एकमेकांना बिलगत वर आले.

"आलं! आई, लोणी आलं!" ती एवढ्यानं ओरडली, की गोठ्यातली म्हैसही वळून बघायला लागली.

इस्लामपूरचं हे स्थळ सोनमनं स्वतःच जमवत आणलं होतं. घरात विषय काढला तेव्हा आई आधी भडकली, मग रडली, मग गप्प झाली. वडलांच्या माघारी घरात वडीलधारे म्हणून उरलेले मानसिंगकाका तर "रहिमतपुरात तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाई तुमी" म्हणून जे गेले, ते परत फिरकलेच नाहीत. काल धार काढताना, मान वर न करता, आई एवढंच म्हणाली, "येऊ दे त्यास्नी."

दारात गाडी थांबली. फौजेतून निवृत्त झालेले आकाराम उतरले, मागोमाग त्यांचा मुलगा वीरधवल. पदर सावरत सोनमनं गरम भाकरी आणि लोण्याचे गोळे त्यांच्यापुढं ठेवले.

वीरधवलनं घास घेतला. "लय भारी! तुमी केलं?"

"व्हय. आज आईला डेऱ्याला शिवू दिलं न्हाई."

तो हसला. तीही हसली. आकाराम मात्र मोडलेली भाकरी हातातच धरून बसले होते.

सोनमनं धीर केला. "मग? काय ठरवलं तुमी?"

"मला तर कवाच पसंत हाय," वीरधवल म्हणाला. "बाबांचं बघा."

आकारामांनी घसा खाकरला. "माजी ना न्हाई. पन जीव राजी हाय का, ते त्यांच्याच तोंडनं ऐकू द्या."

सोनम पळतच आत गेली. चुलीपाशी बसलेल्या आईचा हात धरून तिनं तिला उठवलं, बाहेर आणलं आणि आकारामांच्या समोरच्या खुर्चीवर बसवलं.

"हं, इच्यारा आता," ती म्हणाली. "नवरी म्होरंच हाय."