नऊ जणींचा एक नंबर

“एकाच नंबरावर नऊ जणी?” जेलरबाईंनी रजिस्टर टेबलावर आपटलं, तशी त्यांची खुर्ची डुगडुगली. “फोनच्या कार्डावर घरचे दोनच नंबर मिळतात. त्यातला एक तुम्ही नऊ जणींनी एकाच बाईला दिलाय. कोण आहे ही?”

समोर नऊ कैदी बायका ओळीनं उभ्या होत्या.

“माझी आत्या,” धोबीण म्हणाली.

“माझी नणंद,” दुसरी म्हणाली.

“मावशी. लांबची,” तिसरी.

“हिची आत्या, हिची नणंद आणि तुझी मावशी?”

“नाती काय बाई, मानली की झाली,” भोंगा म्हणाली. भोंगा हे तिचं टोपणनाव. ती कुजबुजली तरी पलीकडच्या बराकीत ऐकू जायचं.

जेलरबाईंना इथे येऊन चारच महिने झाले होते. त्यांच्या आधी बावीस वर्षं मोठ्या बाई होत्या. त्यांच्या नुसत्या चपला वाजल्या तरी बराकीची पाचावर धारण बसायची, असं शिपाई अजून सांगत. भिंतीवरची नियमावली मोठ्या बाईंनीच लिहिलेली. निवृत्त झाल्या आणि पत्ताही न ठेवता निघून गेल्या. जेलरबाईंना अगदी त्यांच्यासारखं व्हायचं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी खोली झाडून घेतली, जुनी कॅलेंडरं काढली, खुर्चीच्या डाव्या पायाखाली कोंबलेली कागदाची मळकट घडीसुद्धा केरात टाकली. तेव्हापासून खुर्ची डुगडुगत होती. पण एवढ्याशा कामाला सुतार कोण बोलावणार?

त्या नऊही नोंदी मोठ्या बाईंच्या शेवटच्या आठवड्यातल्या होत्या, खाली सही त्यांचीच. जेलरबाईंना त्याचाच जास्त राग आला. एवढ्या करारी बाईच्या डोळ्यांत जाता जाता धूळ फेकली या बायांनी!

त्यांनी स्वतः तो नंबर लावून पाहिला. कुणी उचलला नाही. मग नंबर बंद करायचा हुकूम टाइप करून घेतला. पण पुराव्याशिवाय नंबर बंद करता येत नाही, हेही नियमावलीतच होतं. कैद्यांच्या फोनचा वार गुरुवार. ऑफिसातला फोन त्याच लाइनीवर होता. गुरुवारी चोरून ऐकायचं आणि सही ठोकायची, असं त्यांनी ठरवलं.

बराकीत शिंपीण मशीनवर बसली होती आणि तिचा टाका तिरका जात होता. तिची मुलगी सहा वर्षांची होईपर्यंत इथेच वाढली होती, नऊ जणींच्या मांडीवर आळीपाळीनं. मग नियमाप्रमाणे बालगृहात गेली. ते बालगृह बंद पडलं, मुलं तीन गावांना वाटली गेली, आणि कोण कुठे गेलं ते आईला कळवायचं कुणाला सुचलं नाही. त्याला आठ महिने झाले होते. त्या नंबरानं पोरीला शोधून काढलं होतं. या गुरुवारी ती त्या नंबरावर बोलायला येणार होती.

“बाईंनी त्याआधीच बंद केला तर?” शिंपीण म्हणाली.

“आपण बोललो तर ना. माझ्या तोंडात तर बोळा कोंबलाय,” भोंगा म्हणाली.

“हेही ओरडूनच सांगितलंस,” धोबीण म्हणाली.

“पण मग या गुरुवारी तुमच्या घरच्यांचं काय?” शिंपिणीनं मशीन थांबवलं. “आठवड्यात एकच तर फोन असतो.”

“माझा नवरा पाच मिनिटं नुसता हूं-हूं करतो,” धोबीण म्हणाली. “या आठवड्यात भिंतीला करेल.”

गुरुवारी तीन वाजता जेलरबाईंनी हुकूम पुढ्यात घेतला, पेनचं टोपण काढलं आणि फोन अलगद उचलला. लाइनीत जराशी खरखर झाली.

“आई?”

मग बराच वेळ नुसतं रडणं. दोन्हीकडून.

“आई, माझे पुढचे दोन दात पडले. भोंगामावशीनं शिकवलेली शिट्टी आता वाजतच नाही.”

पाच मिनिटं झाली आणि लाइन आपोआप तुटली. जेलरबाईंनी पेन उचललं. तेवढ्यात फोन पुन्हा लागला. आता कार्ड धोबिणीचं होतं. “घे,” एवढंच ती म्हणाली, आणि पुन्हा शिंपिणीचा आवाज आला. मग तिसरं कार्ड, चौथं, पाचवं. प्रत्येक वेळी जेलरबाईंनी फोन ठेवला आणि प्रत्येक वेळी पुन्हा उचलला. मधे त्यांनी मान वळवून नियमावली वाचली. एका कार्डाला पाच मिनिटं. रिसीव्हर कुणी हातात धरायचा हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. इतक्या काटेकोर बाईंच्या हातून हे राहिलं कसं?

पोरीनं पाढे म्हणून दाखवले. शाळेत बाकावर शेजारी कोण बसतं ते सांगितलं. आईनं तिला दोन वेण्या कशा घालायच्या ते फोनवरूनच शिकवलं.

नववं कार्ड भोंग्याचं. “दातांच्या फटीत जीभ लाव,” ती गरजली. “हां. आता फुंक!”

एकदा फुस्स झालं. दुसऱ्यांदाही फुस्सच. तिसऱ्यांदा अशी खणखणीत शिट्टी वाजली की जेलरबाईंनी रिसीव्हर कानापासून लांब धरला. नऊ जणींनी केलेला जल्लोष त्यांना फोनशिवायच, भिंतीपलीकडून ऐकू आला. आपले डोळे का भरून आले, ते त्यांना कळेना.

बायकांनी फोन ठेवला. पलीकडून मात्र कुणी ठेवला नव्हता. अजून अर्धं मिनिट बाकी होतं. जेलरबाई खुर्चीत ताठ झाल्या. “कोण बोलतंय?” त्यांनी आवाज चढवून विचारलं.

“आधी तू हलायची थांब,” एक म्हातारा, करारी आवाज म्हणाला. “खुर्ची डुगडुगतेय, ती इथपर्यंत ऐकू येते. डाव्या पायाखालची माझी घडी फेकलीस ना? समोर एखादा बिनकामाचा कागद असेल, तर त्याच्या चार घड्या घाल आणि ठेव तिथे.”