पांढरे रुमाल

बायकांच्या बाजूच्या सगळ्या बाकांवर पांढरे रुमालच रुमाल होते, आणि त्यातली आपली बायको कोणती हे पास्कूला ओळखू येईना.

तो चर्चच्या शेवटच्या बाकावर बसला होता. महिन्याभरापूर्वी याच जागेवरून त्याला लुर्दिन दिसली होती. पाठमोरी, उघड्या डोक्याची, केसांना तपकिरी क्लिप. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपल्यावर दारात गर्दी झाली आणि ती दिसेनाशी झाली. पण गावाकडून पळालेली बायको कोल्हापुरातच आहे एवढं कळलं होतं. लुर्दिन रविवार चुकवत नसे. अंगात ताप असला तरी चर्चला जायची. म्हणजे शोधायला शहरभर फिरण्याची गरज नव्हती. इथं येऊन बसलं की झालं.

पुढच्या रविवारपासून बायका डोकी झाकून येऊ लागल्या. आधी पाच-सहा, मग जवळजवळ सगळ्याच. सगळे रुमाल एकाच ताग्यातले. कपाळावर पुढं ओढलेले, मागं खांद्याखाली सोडलेले.

फादरांनीही प्रवचनात तो विषय काढला. पूर्वी बायका डोकं झाकायच्या, आता तसं बंधन नाही; कुणाला मनापासून वाटत असेल तर चर्चची हरकत नाही, असं ते म्हणाले. रुमाल हलले नाहीत.

मिस्सा संपल्यावर पास्कूनं तेरेजाबाईला गाठलं. तिचं राजारामपुरीत शिवणाचं दुकान होतं.

"हे रुमाल कुणी काढलं, मावशी?"

"आमचं आम्हीच. देवापुढं डोकं झाकायला कुणाची परवानगी लागती व्हय?"

"लुर्दिन तुमच्यातच हाय न्हवं?"

"कोण लुर्दिन?"

"माझी बायको. पायानं अधू हाय. एकटी बाई, काळजी वाटती."

तेरेजाबाईनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बायको हरवली असंल तर पोलीस चौकी तिकडं हाय, पावणं. हितं फक्त मिस्सा होती."

मागं दोघी-तिघी हसल्या. त्यांचे चेहरे रुमालात होते.

पास्कूनं एसटीडी बूथवरून गावात शेजारच्या दुकानाला फोन लावला. लुर्दिननं काही निरोप धाडलाय का, आईला विचारायचं होतं. आई मामाकडं गेल्याचं कळलं. आईचा त्याला भरवसा होता. घरात काही झालं तरी ती ओट्यावर बसून जपमाळ ओढायची, मध्ये पडायची नाही. लुर्दिनचा डावा पाय मोडला त्या दिवशीसुद्धा तिनं मान वर केली नव्हती.

त्या आठवड्यात त्यानं शिरोलीतल्या आपल्या खोलीच्या दाराला बाहेरून जाड कडी ठोकून घेतली. खिडकीला आडवी पट्टी मारली. फाउंड्रीतला सोबती कृष्णात पान खात बघत उभा होता.

"बाहेरनं कडी? चोराला आत कोंडणार हाईस काय रं?"

"वहिनी येणार हाय तुझी."

"मग कडी आतनं पायजे की, मर्दा."

पास्कू हसला नाही. त्यानं कडी दोनदा लावून, ओढून पाहिली.

रविवारी तो लवकर गेला. या वेळी त्यानं डोक्यांकडं पाहिलंच नाही. डोकं झाकता येतं, चाल झाकता येत नाही. ख्रिस्तप्रसादासाठी बायका रांगेनं वेदीकडं निघाल्या तसा तो फक्त जमिनीकडं बघत राहिला. चपला काढलेले पाय एकामागून एक सरकत होते. मग एक डावा पाय आला, जरा ओढत टाकलेला. वर निळ्या फुलांची साडी. ती साडी त्यानंच लक्ष्मीपुरीतून आणली होती. बाई बाकाचा आधार घेत पुढं गेली आणि तशीच परत आली. मान खाली, हात रुमालाच्या आत.

पास्कूला हायसं वाटलं. मोठ्यानं गाणाऱ्यांत तोही सामील झाला.

तो बाहेर झाडाखाली थांबला. बायका पायऱ्यांवर घोळका करून बोलत राहिल्या. निळी साडी त्यांच्यातून सुटून एकटीच मागच्या बोळाकडं निघाली. तेरेजाबाईनं तिच्याकडं पाहिलं, पास्कूकडं पाहिलं आणि पुन्हा बोलण्यात गुंतली. त्याला याचं जरा नवल वाटलं. भांडण होईल, चारचौघी आडव्या येतील असं त्यानं धरलं होतं.

बोळ रिकामा होता. ती सावकाश चालत होती, तरी त्यानं घाई केली नाही. अगदी जवळ गेल्यावर त्यानं तिचा दंड धरला. घट्ट.

"चल घरला," तो हळू आवाजात म्हणाला. "खोली नीट करून ठेवलीया."

तिनं दंड सोडवून घेतला नाही. दुसऱ्या हातानं रुमाल मागं सारला. केस पांढरे होते.

पास्कूनं दंड सोडला. "आई?"

"बोल."

"लुर्दिन कुठं हाय?"

"लांब. तू पयल्यांदा हितं दिसलास, त्याच सांजंला तिला गाडीत बसवली. कुठल्या गाडीत ते मला बी सांगितलं न्हाय, मीच नको म्हणलं."

"मग ह्या सगळ्या बाया…"

"तू हितंच शोधत बसावास म्हणून. तेवढ्यात ती पोचली."

"साडी तिची घातलीस, आणि लंगडायचं सोंग पण घेतलंस. पोटच्या पोराला फसवायला."

आईनं रुमालाची घडी घातली, अगदी लहान.

"सोंग न्हवं," ती म्हणाली. "मी कशी चालती ते तू कधी बघितलंसच न्हाय. ह्यो पाय तुझ्या बापानं मोडलाय. तू पाळण्यात हुतास."