जिना चढायचा नाही

समोरच्या फुटपाथवर ती खुर्ची दिसली आणि तिनं पडदा झटकन सोडला. चोरी पकडली गेल्यासारखी ती पलंगाच्या कडेला बसून राहिली.

एवढ्या मोठ्या शहरात तोंड लपवायला तिला भावाच्या दारासमोरचंच हॉटेल मिळावं! पण उत्सवाच्या दिवसांत खोलीसाठी नुसती मारामार. तीन आठवडे फोन फिरवून ही एक हाती लागली होती, तीही मागच्या गल्लीत उघडणारी. म्हणून तर तिनं धाडस केलं. मागच्या दारानं बाहेर पडायचं आणि चार चौक पुढे जाऊन मिरवणूक बघायची, असा बेत होता. पण आज सकाळी मॅनेजरनं तिचे पांढरे केस बघितले आणि मनाचा मोठेपणा दाखवला. "मावशी, मागे काय दिसणार तुम्हाला? पुढची खोली रिकामी झालीय. मिरवणूक अगदी खिडकीखालून जाते." नको म्हणायला तिला कारण सुचलं नाही.

दरवर्षी ती भावाकडेच उतरायची. भाऊ वेताच्या खुर्च्या विणायचा. खाली दुकान, वर एकच खोली. तिच्यात तो, भावजय, दोन मुली आणि उत्सवाचे चार दिवस ही. सकाळी न्हाणीघरासाठी रांग, रात्री भावाचं घोरणं, पाणी प्यायला उठावं तर कुणाच्या तरी पायावर पाय. पलंग एकच होता, तो तिला मिळायचा, बाकी सगळे जमिनीवर. इतकी वर्षं तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. यंदा ती निवृत्त झाली, आणि दार लावलं की सगळं आपलं, या सुखाची तिला चटक लागली.

हे भावाला सरळ सांगता आलं असतं. तो चार दिवस रुसला असता आणि पाचव्या दिवशी हसला असता. पण फोनवर तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"गुडघा धरलाय रे. यंदा नाही जमायचं."

बरं, एवढ्यावर थांबावं की नाही? पण तिचा सगळा जन्म रुग्णालयात गेलेला, हाडांच्या वॉर्डात परिचारिका म्हणून. खोटं बोलतानाही तिला अर्धवट काम जमेना. जिना चढायचा नाही. पाय लोंबता ठेवायचा नाही, खाली वीतभर उंचीचं काहीतरी हवं. बैठक उंच हवी, उठताना हाताला आधार हवा. तिनं सगळं बजावून सांगितलं, रुग्णाच्या नातेवाइकांना सांगावं तसं. पलीकडे भाऊ नुसतं हं, हं करत होता. शेवटी म्हणाला, "बरं. जप ताई. पण ऐन वेळी बरं वाटलं तर ये हं." फोन ठेवल्यावर तिला हायसं वाटलं होतं. आता ते आठवून तिची तिलाच लाज वाटली.

दारावर टकटक झाली. खोली आवरायला आलेल्या बाईनं टॉवेल ठेवले आणि घरच्यासारखा पडदा पार बाजूला सारला. "अहो, पुढची खोली मिळालीय आणि अंधारात काय बसता?"

आता बघणं भागच होतं. खुर्ची नवीकोरी होती. बैठक नेहमीपेक्षा चांगली चार बोटं उंच. हात रुंद आणि भक्कम, धरून उठता येईल असे. पुढ्यात वीतभर उंचीचं विणलेलं स्टूल. उन्हासाठी पाठीला छत्री बांधलेली. फुटपाथवर पाय ठेवायला जागा नव्हती, आणि भावजय त्या खुर्चीशेजारी उभी राहून बसायला येणाऱ्या एकेकाला हुसकावत होती.

"त्या खुर्चीची गंमतच आहे," उशीला अभ्रा चढवत बाई म्हणाली. "पंधरा दिवस विणत होते ते खुर्चीवाले. बहिणीचा गुडघा दुखतो म्हणे. तिला जिना नको म्हणून पलंगसुद्धा खाली दुकानात आणलाय. सगळा माल वर नेऊन टाकला, ऐन उत्सवात! मी विचारलं, येणार आहे का ती नक्की? तर म्हणतात, नाही म्हणालीय, पण आली तर तिची पंचाईत नको."

ती उठली. काय बोलायचं, काय सांगायचं, कसलाच विचार तिनं केला नाही. पायात चपला अडकवल्या, सवयीनं खोलीची किल्ली उचलली आणि कठड्याला हात न लावता तीन जिने भराभर उतरली. वाजंत्री कोपऱ्यावर आली होती. पोलीस रस्त्याला दोरी बांधत होता. ती दोरीखालून वाकून निसटली आणि पळतच रस्ता ओलांडून गेली.

"ताई!" भावाचा चेहरा उजळला. तिला आधार द्यायला तो दोन्ही हात पुढे करून धावला. मग ते हात तसेच राहिले. त्यानं तिच्या पायांकडे बघितलं. मग तिच्या मुठीतल्या किल्लीकडे. किल्लीला हॉटेलचा भलामोठा पितळी बिल्ला लटकत होता. आता लंगडायचं म्हटलं तरी उशीर झाला होता.

"अरे, मी..." ती सांगायला लागली.

तो रागावला असता तर फार बरं झालं असतं. त्यानं खुर्चीवरची नसलेली धूळ हातानं झटकली.

"बस. मिरवणूक आलीच."

ती बसली. भावानं वाकून तिच्या पुढ्यातलं स्टूल उचललं आणि बायकोच्या हातात दिलं.

"हे आत ने," तो म्हणाला. "ताई बरी आहे."